त्या सेलचं काय ते सांग

सोन्या,

फोनवरच सांगणार होते पण तू कायम मीटिंगमध्ये, आणि घरात बोलायला लागलं की बाबा मधेच फोन ओढून क्रिकेट सुरू करतात, म्हणून लिहूनच काढते, लांब होईल, जेवताना वाच. आधी मुद्द्याचं, पीसी चालू झाला. हे त्याच्यावरच टाइप करतेय. आणि मी चालू केलाय. तिसऱ्या मजल्यावरची ती डिप्लोमाला असलेली पोरगी आहे ना तिने शिकवलं, पण स्क्रूड्रायव्हर पूर्ण वेळ माझ्या हातात होता, हे लक्षात ठेव.

झालं काय, चाळीचा मेंटेनन्सचा हिशोब माझ्या गळ्यात आलाय रिटायर झाल्यापासून, तो एक्सेलमध्ये टाकायला बसले, बटण दाबलं तर पंखा फिरतोय, लाइट लागलेत, स्क्रीन काळी ठिक्कर आणि आतून बीप, बीप, बीप, टेम्पो रिव्हर्स घेताना वाजतो तसं. रिपेअरवाला बोलावला. त्याने झाकण पण नीट उघडलं नाही, कान लावला आणि म्हणाला काकी मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्याच्यावर बसतात तो बोर्ड) गेला, जुनं मॉडेल, पार्ट मिळत नाही, नवीन घ्या. आणि व्हिजिटचे दोनशे घेऊन गेला. मला दोनशेचा इतका राग आला की म्हटलं आता हा डबा मीच उघडणार. तू इतकी वर्षं आई हात लावू नकोस, आई हात लावू नकोस करत होतास त्यामुळे मला वाटायचं आत काय बॉम्ब आहे की काय.

शिवणयंत्राच्या खणातला माझा स्क्रूड्रायव्हर घेतला. बाजूच्या पत्र्याला मागून दोन स्क्रू असतात म्हणे, आपल्याला एकच होता, मला वाटलं दुकानदाराने तेव्हाच चाट मारली.

आणि उघडल्यावर पहिला धडा हा की आपण सगळे इतकी वर्षं चुकीच्या नावाने हाक मारत होतो. सीपीयूवर उदबत्ती ठेवू नका, सीपीयू पुसून घे, दसऱ्याला सीपीयूला हळदकुंकू आणि झेंडू (ते हळदकुंकू अजून पुढच्या जाळीत अडकलेलं होतं, ब्रशने काढलं), आणि सीपीयू म्हणजे मुळात हा डबा नाहीच. डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आतली एक चपटी चिप, बर्फीच्या वडीएवढी, ती पण दिसत नाही, वर कूलर बसलेला. म्हणजे अख्ख्या चाळीला आपण घरातल्या एका माणसाच्या नावाने ओळखत होतो.

धुळीचं काय सांगू. धूळ नव्हती ती, गोधडी होती. कूलरच्या पट्ट्यांमध्ये तर वारा जायला जागाच नाही. आपल्याकडे चौपाटीचं खारं वारं येतं, पावसाळ्यात पापड सुद्धा डब्यात नरमतो, मग आतल्या पार्टांच्या त्या पितळी-सोनेरी दातांचं काय होत असेल विचार कर. आणि तेच झालं होतं. मदरबोर्ड-बिदरबोर्ड काही गेला नव्हता. पोरीने सांगितलं रॅम काढा काकू, रॅम म्हणजे मदरबोर्डवर खोचलेली मेमरीची पट्टी. दोन्ही बाजूच्या क्लिपा दाबल्या की ती पट्टी टक्कन वर येते. खाली सोनेरी दात, डीडीआर३ जातीची आहे आपली, २४० दात, आणि त्यावर मळ आणि काळपट थर. मग शाळेतला खोडरबर घेतला आणि हळूहळू घासला, फुंकर मारायची नाही, थुंकी उडते, कोरड्या ब्रशने चुरा झाडायचा. परत बसवताना काळजी अशी की पट्टीला एक खाच असते आणि ती बरोब्बर मध्ये नसते, जरा एका बाजूला, त्यामुळे उलटी बसूच शकत नाही, बसत नसली तर जोर न करता फिरवायची. ज्याने कोणी ती खाच मध्ये ठेवली नाही त्याला माझा नमस्कार, माझ्या मिक्सरच्या भांड्याला पण असंच काहीतरी पाहिजे होतं. दोन्ही क्लिपा टक टक लागल्या, बटण दाबलं, एकच छोटा बीप आणि स्क्रीन आली! मी किंचाळले, बाबा बाहेरून धावत आले, त्यांना वाटलं शॉक बसला.

शॉकवरून आठवलं, आपल्या कॅबिनेटला हात लावला की पावसाळ्यात मुंग्या येतात ना, ते भूत नाही, भिंतीतल्या प्लगला अर्थिंगच नाही. वायरमनला बोलावून ते करून घेतलं. शंभर वर्षांची चाळ, तिसरी पिन नुसती शोभेला.

खरं तर काम तिथेच झालं होतं, पण उघडलंच आहे तर सगळं बघून घेऊ म्हणून चार दुपारी आम्ही दोघी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. स्विच बंद करून, पिन काढून, मग. एसएमपीएस म्हणजे तो मागचा वजनदार ठोकळा, भिंतीतून २३० व्होल्टचा एसी येतो तो आत घेतो आणि पिवळ्या वायरीतून १२, लालमधून ५, नारिंगीमधून ३.३ व्होल्टचा डीसी बाहेर सोडतो, काळ्या सगळ्या ग्राउंड. मला हे रंग फार आवडले, बॉबिनच्या डब्यासारखे. तो ठोकळा मात्र उघडायचा नाही, कधीच नाही, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. माझा हात त्याच्या स्क्रूकडे जातच होता, पोरगी ओरडली.

रॅम आणि हार्डडिस्कमधला फरक मला तू दहा वेळा सांगितलास आणि दहाही वेळा माझ्या डोक्यावरून गेला, कारण दोन्हीला तू मेमरी म्हणायचास. आत्ता कळला, तो तुझ्यामुळेच. आठव १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची लाइट गेली, लोकल जागच्या जागी, तू इथे याच टेबलावर वर्क फ्रॉम होम करत होतास आणि आपला यूपीएस (लाइट गेल्यावर पीसी थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) आधीच मेलेला, आणि तू केवढा ओरडलास, दोन तासाचं काम गेलं म्हणून. ते जे गेलं ते रॅममध्ये होतं. रॅम पाटीसारखी, वीज आहे तोवर लिहिलेलं दिसतं. जे सेव्ह केलं होतंस ते हार्डडिस्कवर, ते राहिलं. आपली हार्डडिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, आणि वाचणारा हेड त्या चकतीला न टेकता वर तरंगतो, इतका जवळ की धुळीचा कण सुद्धा मोठा पडेल. माझं शिवणयंत्र एवढं फिरलं असतं तर ब्लाउज पेटला असता. म्हणून चालू असताना डबा हलवायचा नाही. मी दर शनिवारी झाडू मारताना डबा सरकवायचे, गाणी चालू असताना. कोणी सांगितलंच नाही.

मग कूलर. इथे मला घाम फुटला. चार कोपऱ्यात चार काळ्या खुंट्या, बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायच्या, आणि काढताना असं वाटतं की सगळं मोडणार. खालची पेस्ट (चिपची उष्णता कूलरला पोचवणारी) सुकून चुना झालेली. ती पुसली आणि खाली नाव दिसलं, इंटेल कोअर आय३. इतकी वर्षं आय३ आय३ ऐकत होते, दर्शन आत्ता झालं. चिप उचलली तर खाली सॉकेटमध्ये बारीक बारीक पिना, ११५५, म्हणून सॉकेटचं नावच ११५५, आणि यातली एक जरी वाकली तर मग खरोखरच मदरबोर्ड गेला. मी लगेच परत ठेवली, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून. पोरीने सांगितलं की इंटेलचा १९७१ सालचा पहिला प्रोसेसर, म्हणजे सीपीयूच, होता त्यात २,३०० ट्रान्झिस्टर (बारीक इलेक्ट्रॉनिक स्विच) होते आणि या वडीत कोट्यवधी आहेत. मी मान डोलावली. कोट्यवधी काही डोळ्यासमोर येत नाही, ११५५ आले, ते पुरे.

नवीन पेस्ट आणायला लॅमिंग्टन रोडला गेले, चालत. आधी रविवारी गेले तर बहुतेक शटरं बंद, दुसऱ्या दिवशी परत. २०१२च्या दिवाळीत मामा, तू आणि मी तिथूनच एकेक पार्ट घेत फिरलो होतो, आठवतं? तू नववीत, हातात यादी, मामा घासाघीस करतोय आणि मी भडकमकर मार्गावर उभी राहून पिशव्या सांभाळतेय. नाव बदलून किती वर्षं झाली तरी कोणी भडकमकर मार्ग म्हणत नाही. १९०३ ते १९०७ एवढीच चार वर्षं तो लॉर्ड लॅमिंग्टन इथे गव्हर्नर होता आणि अजून त्याच्या नावाने लोक रॅम विकतायत. तर यावेळी काउंटरवरचा पोरगा म्हणाला, काकी मुलाला पाठवा ना, म्हटलं मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला यातलं कळत नाही. पेस्टची एवढीशी सिरिंज असते, वाटाण्याएवढीच लावायची.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते.

रॅम साफ करून स्क्रीन आली तेव्हा विंडोज आलं नव्हतं, आधी काळ्या पानावर इंग्लिशमध्ये काहीतरी आलं, सेटिंग गेली, एफ१ दाबा, आणि तारीख दाखवत होता १ जानेवारी २०११. पोरगी म्हणाली सेल गेला. मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, वजनकाट्यात असतो तसाच. तिने मीटर लावला तर २.४. प्लग काढला तरी घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. आणि ते घड्याळ कसं चालतं तर शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा एक क्रिस्टल असतो तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. मला वाटलं हा काय विचित्र आकडा, पण निम्मं करत जा, पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर १ उरतो, एक सेकंद. कागदावर करून बघितलं, खरंच. भिंतीवरच्या क्वार्ट्झ घड्याळात पण हेच. किती सुंदर आहे रे हे, आणि तू मला कधी सांगितलं नाहीस.

तू का सांगितलं नाहीस ते पुढे कळलं.

नवीन सेल घालताना ती पोरगी सहज म्हणाली, काकू पासवर्ड वगैरे लावला असेल तर तो पण उडाला असणार हां, सेल काढून थोडा वेळ ठेवला की या बोर्डावर बायोसचं, म्हणजे पीसी चालू होतानाच्या सेटिंगचं, सगळं साफ होतं, तारीख आणि पासवर्ड दोन्ही. मी म्हटलं, पासवर्ड? आणि सोन्या, माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

जून २०१३. तुझं दहावीचं वर्ष. मामाने येऊन पासवर्ड लावला, चालू करतानाच विचारेल असा, चिठ्ठी मी तांदळाच्या डब्यात ठेवली, नेट बंद केलं, मॉनिटरवर टॉवेल टाकला. मी दुपारी तीनला ऑफिसमधून फोन करायचे, अभ्यास चाललाय ना? हो आई. घरी आल्यावर मी डब्याला हात पण लावून बघायचे, गरम आहे का, गार असायचा. टेबल फॅन मात्र कायम त्याच्याच बाजूला तोंड करून. तू म्हणायचास उकडतंय. मी म्हणायचे बिचारा पोर घामाघूम होऊन भूमिती करतोय.

मार्चमध्ये परीक्षा झाल्यावर मामा आला, चालू केला, पासवर्ड विचारलाच नाही. मामा म्हणाला सेल वीक झाला असेल. आणि तू तिथे उभा राहून म्हणालास, हो ना मामा, असेल. दीड वर्षात? तो सेल आत्ता गेलाय रे, बारा वर्षं उलटून गेल्यावर!

एवढ्यावर मी संशय घेतला नसता. पण फोटो शोधताना हार्डडिस्कवर तुझा एक फोल्डर उघडला, गेमच्या फाइल्स, आणि तारखा ३ जानेवारी २०११, ४ जानेवारी २०११, ९ जानेवारी २०११. पीसी घेतला २०१२च्या दिवाळीत. जन्माच्या आधी बाळ गेम खेळत होतं. नेट बंद असल्यामुळे घड्याळ आपोआप बरोबर झालं नाही, आणि तुला तारीख बदलायचं सुचायला नऊ दिवस लागले. आणि तो पत्र्याचा दुसरा स्क्रू कुठे गेला ते पण कळलं, दुकानदाराला मी उगाच बोलले.

बाबांना सांगितलं तर ते इतके हसले की चहा सांडला. ते म्हणतात ८४ टक्के पडले ना, सोड. मी सोडलंय. पण चौदा-पंधरा वर्षांचं पोर एकटं घरात बसून मदरबोर्डवरचा सेल कुठला ते शोधून काढतं, तो काढतं, परत घालतं, आणि कोणाला कळू देत नाही, हे तू केलंस कसं ते मला ऐकायचंय. कोणी सांगितलं होतं? पहिल्यांदा उघडताना हात थरथरला का? माझा थरथरला.

हार्डडिस्क आता टिकटिक करायला लागलीय, तिचं वय झालंय. फोटो सगळे पेनड्राइव्हवर घेतलेत. गणपतीला येताना एक ५०० जीबीची एसएसडी (न फिरणारी हार्डडिस्क) आण, अडीच इंचवाली, साटा जोडणीची. लावायची मी, तू नुसता बस बाजूला. मामा पण येतोय गणपतीला. त्याला अजून काही सांगितलेलं नाही, एसएसडी आली तर सांगणार पण नाही.

आई