व्हॉल्व्हमनदादा आणि ड्रेनेजच्या मंडळींचे मनापासून आभार

गेल्या सोमवारी सकाळी नळ सोडला तर पाणी गढूळ आणि त्याला गटाराचा वास. सासूबाई नुकत्याच आजारातून उठलेल्या, धाकटी तीन वर्षांची. माझा जीव घाबराघुबरा झाला. तक्रार केली आणि तासाभरात व्हॉल्व्हमनदादा व ड्रेनेजची माणसं आली.

दादांनी आधी व्हॉल्व्ह बंद केला, मग दारोदार जाऊन "हे पाणी पिऊ नका" असं सांगितलं. ड्रेनेजच्या तुंबलेल्या चेंबरमधून आमची पाण्याची जुनी जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) लाइन गेली होती, गंजून भोक पडलेली. पाणी गेलं की रिकामी लाइन त्याच भोकातून घाण आत ओढते, हे त्यांनीच समजावलं. जेटिंगच्या, म्हणजे जोरात पाणी मारणाऱ्या गाडीने चेंबर मोकळं केलं, तुकडा बदलला, लाइन धुतली. रात्रीचे नऊ वाजले.

निघताना दादांनी तपासणीच्या छोट्या नळीत नळाचं पाणी घेतलं, त्यात ऑर्थोटोलिडीनचे (क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे) थेंब टाकले आणि ती नळी सासूबाईंच्या हातात दिली. "आजी, पिवळं झालं बघा, म्हणजे क्लोरीन पोचलंय. तरी दोन दिवस उकळूनच प्या."

हात खराब आहेत म्हणून चहासाठी कोणी आत आलं नाही. नावं विचारायचीही राहिली. दादा, आजी आता ठणठणीत आहेत. चहाला नक्की या.