आई, १९९८ चा तो कागद शोध

प्रिय आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले ना, की सरकारने कलावंतांना दरमहा पगारच चालू केला तर कॉपीराईट, रॉयल्टी असल्या भानगडी हव्यात कशाला, तेव्हा मला ड्युटीवर पळायचं होतं म्हणून बोलणं अर्धवट राहिलं, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

इथे डब्लिनमध्ये माझ्या वरच्या मजल्यावरची मैत्रीण फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवते. २०२२ मध्ये आयर्लंड सरकारने २००० कलावंतांना तीन वर्षं आठवड्याला ३२५ युरो द्यायची स्कीम काढली, त्यात तिचा नंबर लागला, लॉटरीनेच, कारण पात्र लोक आठ हजारांच्या वर होते आणि ज्यांचा नंबर नाही लागला त्यांचं वाईट वाटतंच. आधी मंगळवारी सकाळी ती कॅफेत कपबशा उचलायची, मग त्याच वेळी वरून एकच तुकडा तासभर ऐकू यायला लागला, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या धुना पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या, त्यांचा मालक कुणीच नाही, मग त्या जपल्याचे पैसे कॉपीराईट तिला कुठून देणार? आई, मला तुझ्या जात्यावरच्या ओव्याच आठवल्या गं, शंभरेक तरी तुला पाठ आहेत. अशा कामाला पगारच पाहिजे, इथे बाबांचं शंभर टक्के बरोबर. आपल्याकडे ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना महिन्याला ५००० मानधन आहे पण ते पन्नाशीनंतर, आणि वेळेची खरी मारामार असते ती तरुणपणी.

पण बाबा, तुमचं बालनाट्य आठवा. कंडक्टरच्या ड्युटीत मुक्कामी गाडी असली की एसटीतच बसून जुन्या वेबिलांच्या पाठीवर लिहायचात, मग ७०० रुपये एकरकमी घेऊन प्रकाशकाच्या करारावर सही केलीत, शाळाशाळांत गॅदरिंगला ते नाटक बसायला लागलं आणि तिसऱ्या आवृत्तीच्या कव्हरवरून तुमचं नावच गेलं. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. तेव्हा पगार असता तर डबल ड्युट्या सुटल्या असत्या, दुसरं नाटक पूर्ण झालं असतं, सगळं मान्य, पण ते नाव काही परत आलं नसतं. म्हणून म्हणते, पगार जरूर द्यावा पण हक्काच्या बदल्यात नको. इथेही तसं केलेलं नाही, माझी मैत्रीण स्वतः नवीन धून रचते तेव्हा ती तिचीच राहते.

आणि मी वाचलं, आपल्या कायद्यात कॉपीराईट विकला तरी नाव लावून घ्यायचा हक्क लेखकाकडेच राहतो, शिवाय किती वर्षांसाठी दिला ते करारात लिहिलंच नसेल तर पाचच वर्षं धरतात. बाबांनी सही केली १९९८ ला!

आई, माळ्यावरच्या निळ्या ट्रंकेत लाईटबिलांच्या फाईलखाली तो कागद असणार. दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप कर, मुदत लिहिलीय का ते मला बघायचंय. बाबांना वर चढू देऊ नकोस, शेजारच्या पोराला सांग.

तुमची,
मनू