स्थानकाला आधी बस द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रेल्वे स्थानकांभोवती दाट वस्ती उभारावी, असे सुचवणारा लेख कालच्या अंकात वाचला. पुण्यात मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) ४ पर्यंत मिळतो, मग गोव्यात कोकण रेल्वेच्या थिवी आणि करमळी स्थानकांना तो का नको, असे लेखक विचारतात. पुण्याचा दाखला इथे लागू पडत नाही. तिथे मेट्रो काही मिनिटांनी येते. थिवीवरून जातात त्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या, त्याही एकेरी मार्गावर समोरच्या गाडीला वाट देत. त्यांच्या भरवशावर वेर्ण्याच्या कारखान्यात रोज वेळेवर कोण पोहोचेल? पणजीला तर स्थानकच नाही.

गेल्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण ठाण्याहून आली आणि आमच्या जवळच्या स्थानकावर रात्री उतरली. गाडीला बराच उशीर झाला होता. बाहेर डिचोलीची बस नव्हती आणि टॅक्सीवाल्याने सांगितलेले भाडे तिच्या रेल्वे तिकिटापेक्षा जास्त होते. मी स्कूटर घेऊन पोहोचेपर्यंत ती दुखरे गुडघे धरून पिशवीवर बसून होती, कारण हमरस्त्यापर्यंत चालत जावे तर पदपथ नाही आणि गटारावरची लादी कुठे आहे, कुठे फुटली आहे, हे अंधारात दिसत नाही.

केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार स्थानकाभोवतीच्या किमान ५ किलोमीटर परिसरासाठी पूरक वाहतुकीची सोय मूळ प्रस्तावातच असावी लागते. लेखकाने ती अट सोडली आणि चटईक्षेत्र तेवढे उचलले. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातील, जमिनीचा वापर बदलण्यासंबंधीच्या कलम १७(२) आणि ३९अ वरून गावोगावी लोक आधीच अस्वस्थ आहेत. अशा वेळी बसची हमी न देता वाढवलेला चटईक्षेत्र निर्देशांक जमिनीचे भाव तेवढे चढवील, आणि त्या इमारतींत राहायला येणारा माणूस पहिल्याच महिन्यात मोटारीसाठी कर्ज काढील.

आणखी एक गोष्ट. लेखासोबतच्या नकाशात करमळीचे तळे आणि लगतची शेते उपलब्ध जमीन म्हणून रंगवली आहेत. हे तळे स्थलांतरित पक्ष्यांसाठी ओळखले जाते आणि रेल्वेमार्ग त्याला अगदी लागून गेला आहे. कोकण रेल्वेच्या मार्गावरून नव्वदच्या दशकात गोव्यात जे आंदोलन झाले, त्यात खाजन जमिनींचा (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांचा) प्रश्न मोठा होता, हे आपल्या वृत्तपत्राला नव्याने सांगायला नको. नकाशाची दुरुस्ती कृपया छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, डिचोली