मन मोकळे करायचे, पण कोणत्या भाषेत?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

कॅथलिक धर्मगुरू कसा घडतो याविषयी लिहिताना बहुधा त्याच्या शिक्षणाची वर्षे मोजली जातात: तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान ६ वर्षे आणि, व्हॅटिकनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेनुसार, त्याआधी एक ते दोन वर्षांची पूर्वतयारी. रोजची मिस्सा (मुख्य उपासनाविधी), जपमाळ, वार्षिक रिट्रीट (एकांतातील प्रार्थनेचे दिवस) हे सारे त्यात असतेच. परंतु उमेदवाराची आध्यात्मिक जडणघडण खऱ्या अर्थाने होते ती आध्यात्मिक मार्गदर्शकाशी होणाऱ्या त्याच्या खासगी बोलण्यातून, आणि त्याविषयी क्वचितच कोणी बोलते.

चर्चच्या १९८३ च्या कायद्याने हे नाते फार समंजसपणे जपले आहे. विद्यार्थ्याने आपला मार्गदर्शक स्वतः, मोकळेपणाने निवडावा आणि त्याच्यापाशी विश्वासाने मन उघडे करावे, असे कलम २४६ म्हणते. गुरुदीक्षा द्यायची की सेमिनरीतून (धर्मगुरूंच्या प्रशिक्षण संस्थेतून) काढायचे, हे ठरवताना या मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत कधीही मागता येत नाही, असे कलम २४० बजावते. ज्याच्यापाशी मन हलके करायचे त्याच्या हाती निकाल नाही, ही तरतूद आपल्या शाळा-महाविद्यालयांनीही उचलावी अशी आहे.

अडचण आहे ती भाषेची. वसईतल्या सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलणाऱ्या घरातला मुलगा सेमिनरीत गेला की त्याचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून होते. परीक्षेपुरती इंग्रजी येतेही; पण आयुष्यभराचे ब्रह्मचर्य आपल्याला पेलेल का, आजारी वडिलांना सोडून येथे राहणे योग्य आहे का, महिनोन्महिने प्रार्थनेत मन कोरडे का राहते, हे तो कोणत्या भाषेत सांगणार? माझ्या नात्यातला एक ‘ब्रदर’ (सेमिनरीतला विद्यार्थी) मार्गदर्शकाकडे जाण्यापूर्वी आपली वाक्ये इंग्रजीत लिहून काढत असे. व्याकरण सुधारता सुधारता मूळ दुखणे वहीतच राहून जाई, असे तो सुट्टीत घरी आला असताना म्हणाला. मार्गदर्शक सज्जन होते, त्यांचा काही दोष नव्हता. पण दुसरा कोणी मराठी जाणणारा नसेल, तर निवडीच्या मोकळीकीला अर्थ तो काय उरतो?

इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स लोकांच्या मनापर्यंत पोहोचण्यासाठी मराठी शिकले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. तेवढी आस्था आपल्याच मुलांच्या वाट्याला यायला हवी.

बिशपांनी नेमलेल्या इतर धर्मगुरूंकडे जाण्याची मुभा कलम २३९ विद्यार्थ्यांना देतेच. तेव्हा मुंबई, वसई, पुणे व नाशिक धर्मप्रांतांनी निवृत्त, अनुभवी मराठी धर्मगुरूंची अशी नेमणूक करावी आणि त्यांना आठवड्यातून एक दिवस सेमिनरीत बोलवावे. यामुळे भाषेनुसार गट पडतील, अशी भीती कोणी व्यक्त करील. परंतु वर्ग, भोजनगृह आणि उपासना सर्वांची एकत्रच राहणार आहे, प्रश्न केवळ बंद दाराआडच्या त्या तासाभराचा आहे.

आपला,
एक वाचक, वसई