लेकीला विंचू चावला त्या रात्रीच्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे जाहीर पत्र.

जांभ्याच्या गडग्यातले विंचू आम्हा कोकणातल्या माणसांना नवे नाहीत. पण लाल विंचू चावून चार वर्षांच्या पोरीला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, पाय गार पडतात, तेव्हा घरातल्यांचे हातपाय गळतात. तुम्ही आधी दारातूनच तिला निरखलंत. अंगात त्राण आहे का, श्वास कसा चाललाय, रंग कसा आहे. हात नंतर लावलात, तोही ती माझ्या मांडीवर असतानाच. घाबरून रडणाऱ्या लेकराची नाडी आणि श्वास तसेही वाढतात, आईजवळ ते शांत असलं की खरं काय ते कळतं, हे तुम्ही सिस्टरना सांगत होतात ते मीही ऐकलं.

मग वजन. आधी आम्ही दोघी काट्यावर, मग मी एकटी. १६ किलो. प्राझोसिन किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमची जवळजवळ अर्धी गोळी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८०च्या दशकात विंचूदंशावर हे औषध वापरायला घेतलं. त्याआधी पोरं कशी हातची जायची, ते आजीकडून ऐकलंय. गोळी दिल्यावर "आता आडवीच ठेवा, उचलू नका, रक्तदाब एकदम उतरू शकतो," असं मला दोनदा बजावलंत. बीपीचा पट्टाही लहान मुलांचा शोधून आणलात. तरी नुसत्या आकड्यावर न विसंबता पावलं गरम होतायत का, ते तासातासाला हात लावून बघत होतात.

सगळ्यात जास्त आभार मात्र सुईच्या वेळचे. मी "काही होणार नाही गं" म्हणायच्या आत तुम्ही तिला म्हणालात, "टोचेल. आपण तीन आकडे मोजू, मग संपलं." ती ओरडली, पण हात ओढला नाही. दुसऱ्या सुईला आकडे तिनंच मोजले. आज ती दवाखान्याच्या पायऱ्या माझं बोट न धरता चढते, मॅडम, हे तुमचं देणं आहे.

पहाटे तिनं पेज मागितली तेव्हा तुमची ड्युटी संपली होती. तिनं ती वाटीभर खाल्ली, हे तुम्हाला कळवायचं राहिलं होतं.

सिस्टरना आणि १०८च्या ड्रायव्हरदादांना आमचा नमस्कार सांगा.

तुमची ऋणी,
दापोली तालुक्यातली एक आई