कुंभाराचं मानधन कोणत्या शीर्षाखाली टाकायचं?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या कलादालनात मी सामूहिक प्रदर्शनांची आखणी आणि मांडणी करते. मागणं इमारतीचं नाही. दालन आहे, दिवे आहेत, भिंतीही बऱ्या आहेत. ज्यांचं ज्ञान आम्ही त्या भिंतींवर लावतो, त्यांना रीतसर पैसे देता यावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी 55 फुटांपुढे गेली. धोक्याची पातळी 43 फूट. शाहूपुरीची कुंभार गल्ली आणि बापट कॅम्प इथं गणपतीच्या मूर्ती पाण्यात गेल्या, चतुर्थी महिन्यावर आलेली असताना. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. या पुरावर प्रदर्शन करायचं ठरलं तेव्हा भूगोलवाले पूररेषेचे नकाशे घेऊन आले, मराठी विभागाच्या मुलांनी घरोघरी जाऊन आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, चित्रकलेचे विद्यार्थी होतेच. कुंभारांकडून मूर्ती तेवढ्या आणायच्या, असा आमचा हिशेब.

नकाशा टेबलावर पसरलेला असताना एक आजी म्हणाल्या, "पाणी नदीकडनं न्हाई आलं बाळा. आधी मोरीतनं वर आलं. मूर्ती माळ्यावर चढवंस्तवर मागच्या दारानं आत." नकाशात तर निळा रंग नदीपासून गल्लीकडे सरकत होता. भूगोलाच्या सरांनी वाद घातला नाही. दोन विद्यार्थी आणि मोजपट्टी घेऊन ते गल्लीत गेले, घराघरातल्या भिंतींवरचे पाण्याचे डाग मोजले, नाल्याला कुठून फुगवटा आला ते विचारलं आणि नकाशा नव्याने काढला. दालनात मग दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी लागले.

दुसरी गोष्ट एका मूर्तिकाराने सांगितली. शाडूची कच्ची मूर्ती पाण्यात बसते आणि तिचा गाळ होतो. प्लास्टरची निदान ओळखता येते. मग पंचनाम्याला आलेल्या माणसाला शाडूवाल्याने दाखवायचं काय? त्याच्याच सांगण्यावरून आम्ही वाळलेल्या गाळाचे ट्रे मांडले आणि प्रत्येकावर त्या मूर्तीची ठरलेली उंची लिहिली. माझ्या मते प्रदर्शनातली सगळ्यात चांगली कलाकृती ती होती, आणि ती आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती.

यानंतर बिलं. फ्लेक्स मंजूर, मांडव मंजूर, चहा-नाश्ता मंजूर. कुंभारांचं मानधन अडलं. 'अतिथी व्याख्याता' दाखवावं तर शैक्षणिक पात्रता हवी. 'पुरवठादार' दाखवावं तर तीन दरपत्रकं आणि जीएसटी क्रमांक. आजींच्या आठवणीची तीन दरपत्रकं कुठून आणायची? शेवटी शाल-श्रीफळ देऊन कार्यक्रम उरकला. शालींचं बिल लगेच निघालं. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लेखा विभाग नियमानेच वागला. नियमच बदलायला हवा.

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे चिडलो. रास्तच होतं, 2019 पासून त्या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. पण आपल्याच विद्यापीठांत कारागिराचं काम काचेच्या पेटीत ठेवून खाली विभागाचं नाव छापलं जातं, त्यावर कुणी आवाज काढत नाही.

वस्तीला बरोबर घेऊन प्रदर्शन करणं ही काही परदेशी टूम नव्हे. 2015 साली धारावीत 'स्नेहा' संस्थेने बिनाले, म्हणजे मोठं कलाप्रदर्शन, भरवलं होतं. रहिवाशांनी कलाकार आणि आरोग्य कार्यकर्त्यांबरोबर आरोग्याच्या प्रश्नांवर कलाकृती केल्या आणि त्या वस्तीतच मांडल्या. हे एका स्वयंसेवी संस्थेला जमलं. विद्यापीठाकडे तर भूगोल, समाजशास्त्र, रसायनशास्त्र एकाच आवारात असतं. कागदावर धोरणही अनुकूल आहे: 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह धरतं, आणि स्थानिक कलाकार-कारागिरांना संस्थेत निवासी म्हणून घेण्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. मात्र त्यांचा रोख शिकवण्यावर आहे. प्रदर्शनासाठी बोलावलेला माणूस त्यात कुठे बसतो, हे विचारलं की फाइल फिरत राहते.

म्हणून विनंती अशी की, सार्वजनिक विद्यापीठांच्या अंदाजपत्रकात 'लोकसहभाग मानधन' असं स्वतंत्र शीर्ष ठेवावं. पदवीची अट नको, दरपत्रक नको; स्वयंघोषणापत्र, बँक खातं आणि विभागप्रमुखाची सही पुरे. गैरवापराची भीती वाटत असेल तर मानधन घेणाऱ्यांची यादी दालनाच्या दारातच लावू, फलकावर नावं तर असतीलच. आणि काय लिहायचं, काय झाकायचं, यावर त्या लोकांचा शब्द अखेरचा असावा.

दालनाच्या वेळेचंही बघा. दहा ते पाच, रविवारी बंद. कुंभार गल्लीतला माणूस येणार कधी? आला तर फाटकावर "कुणाला भेटायचंय?" असं विचारतात. आपल्याच कामाचं प्रदर्शन बघायला आलेल्याने यावर काय सांगावं?

निधी फेब्रुवारीत येतो आणि मार्चअखेर संपवावा लागतो, त्यामुळे महिनाभरात जेमतेम भिंती भरतात, माणसं जोडली जात नाहीत. मंजुरी दसऱ्याच्या आत मिळाली, तर गणपती, देवी आणि पणत्यांचा हंगाम उरकून कुंभारांना जरा उसंत मिळते तेव्हा, दिवाळीनंतर, आम्ही कामाला लागू शकू.

आपली,
एका विद्यापीठीय कलादालनातील प्रदर्शन-संयोजक