काका, तुम्ही आधी ऐकून घेतलंत

काका, नमस्कार. समोर नीट आभार मानताच आले नाहीत, मला बोलायला सुचेना आणि तुम्हीही "अहो त्यात काय एवढं" म्हणत हात पुसत पुढच्या गाडीकडे वळलात. म्हणून हे लिहितोय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहितोय.

माझ्या जुन्या गाडीचं दुखणं तुम्हाला पाठ आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. स्लोवर, म्हणजे उभ्या गाडीत पाय सोडलेला असताना, इंजिन एकदम मऊ. पाय पूर्ण दाबला तर गाडी मस्त उचलायची. पण हलक्या पायाने, एका लयीत चालवायला लागलं की मिसिंग सुरू, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवायचं, झटके असे की मान हलायची. आणि अशी गाडी माणूस बाहेर काढतो तो निवांत चालवायलाच ना! घरच्यांनी तर तिच्यात बसणंच सोडलं होतं.

आधीच्या मेकॅनिक मंडळींबद्दल बोलणारच, राग अजून गेलेला नाही. नाव कुणाचंच घेत नाही. एकाने बॉनेट उघडायच्या आधीच "कार्बोरेटरमध्ये कचरा" असं जाहीर करून टाकलं. जेट साफ झाले, मग पेट्रोल पंप बदलला, मग कॉइल, प्लग, कंडेन्सर, आणि प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये उभ्या उभ्या रेस देऊन "ऐका, कशी चालतेय", अरे पण उभी असताना ती चालणारच, दुखणं रस्त्यावरचं आहे हे मी किती सांगायचं? ओढायला लावली की बरी होते, हलक्या पायालाच मारते, हे सांगितलं की उत्तर ठरलेलं, "जुनी गाडी आहे साहेब, एवढं चालायचंच." एकाने तर विकून टाका म्हणून सांगितलं. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण रोज गाडी चालवणाऱ्या माणसाचं म्हणणं कुणी कानावरच घेत नाही हे फार लागतं.

तुम्ही पान्याला हातच लावला नाहीत. शेजारच्या सीटवर येऊन बसलात, काच खाली केलीत आणि म्हणालात, "चला, दाखवा मला." पहिला झटका आला तशी तुम्ही मान हलवलीत. "आता पाय दाबा." झटके थांबले. "आता थोडा सोडा." परत आले. असं दोनतीनदा करायला लावलंत आणि मग शांतपणे म्हणालात, "तुम्ही सांगताय तेच होतंय." काका, गाडी दुरुस्त झाल्याचा आनंद आहेच, पण खरं सांगतो, या एका वाक्याने जेवढं बरं वाटलं तेवढं त्यानेही वाटलं नाही. इतके दिवस मलाच भास होतोय असं वागवत होते सगळे.

पुढचं काम तर बघत राहावं असं. डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या डबीला, जाणारी व्हॅक्यूमची (इंजिनच्या हवेच्या ओढीची) नळी काढून तोंड बंद केलंत, परत तोच रस्ता, आणि झटका नाही! मग उभ्या गाडीत इंजिन स्लोवर ठेवून ती नळी तोंडाने ओढलीत आणि इंजिन तिथल्या तिथे अडखळलं. हलक्या पायाला व्हॅक्यूम जास्त, तो पॉइंटची (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या स्विचची) प्लेट फिरवून टायमिंग पुढे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी आधी पडते, पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि प्लेट जागेवर येते. त्या प्लेटबरोबर हलणारी बोटभर वायर आतून तुटलेली होती. वरचं कव्हर धडधाकट, तारा आत सुट्ट्या, प्लेट फिरली की टोकं लांब जायची आणि करंट गुल. ती वायर काढून माझ्या हातात दिलीत, वाकवून बघा म्हणालात, मधे एका जागी ती दोऱ्यासारखी लुळी पडत होती. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, त्या सगळ्या या एवढ्याशा तुकड्यावर! नवी वायर टाकतानाही हाताला लागली ती कडक वायर बाजूला ठेवलीत, कडक वायर इथे परत तुटेल म्हणून बारीक तारांची मऊ वायर शोधून लावलीत. कुणी बघणार होतं का ते झाकणाखाली? तरी केलंत.

हुशार माणसं मिळतात हो, पण समोरच्याला येडा न समजणारी किती मिळतात? तुम्हाला येत असूनही तुम्ही आधी विचारलंत, मग ऐकलंत, आणि वायरीचं काम आहे म्हणून वायरीएवढेच पैसे घेतलेत. आधी काढून टाकलेली माझी जुनी कॉइलसुद्धा तपासून "ही चांगली आहे, जपून ठेवा" म्हणालात. दुसऱ्या कुणी त्यावर आणखी एक नवी गळ्यात मारली असती.

गाडी आता हलक्या पायाला एकसारखी चालतेय, परवाच लांब फिरवून आणली. पॉइंटचा गॅप बघायला आणि कॅमला ग्रीस लावायला तुम्ही सांगितलंय तसा येईनच, तेव्हा घरच्यांनाही आणतोय, त्यांना तुम्हाला भेटायचंय. मनापासून आभार, काका.